मेंदीखाली काटा

त्या हिवाळ्यात नांदवड्याचं गाव गावात नव्हतं. उंदीर पडायला लागले तशी माणसं गाडगी-मडकी, कोंबड्या, जाती घेऊन बोरी नदीच्या वरच्या माळावर आली आणि कडब्याच्या झोपड्या घालून राहिली. खाली घरांची दारं उघडीच होती. चोरांनाही जीव प्यारा होता. दिवसा कापूस वेचायचा आणि दिवस बुडाला की एकमेकांच्या कपाळाला हात लावून पाहायचं, एवढाच उद्योग उरला होता. काखेत-जांघेत गाठ आली की माणूस उरत नसे, पण 'गाठ' हा शब्द कोणी तोंडातून काढत नव्हतं. धोतराची गाठ सुटली तरी माणसं नुसतं 'सुटलं' म्हणत.

माळाचा कारभार झुलालकडे आला होता. पाटील सासुरवाडीला पळाला, कुलकर्णी त्याच्याही आधी. राहिला झुलाल. चार बैलांचा कुणबी, आवाज मोठा, आणि भीती लपवायची तर आवाज चढवावा हे त्याला कुणी न शिकवता येत होतं. त्यानंच कायदा केला. आगगाडीनं आलेलं माणूस माळावर घ्यायचं नाही. नाल्यापलीकडे पंधरवडा काढायचा, जगलं तर यायचं. वाटेवर झिपरूला काठी देऊन बसवलं होतं.

पहिली सापडली ताईबाई. विधवा, पोटाला पोर नाही, दरसाल झुलालच्याच शेतात वेचणीला. बहिणीकडे भुसावळला गेली होती, ती परत आली तेव्हा झुलाल बांधावरच होता.

"तठेच उभी ऱ्हाय, ताईबाई."

"आबा, मना हातले इळा लागना. म्हनीसन काखमा अवधान वनं," ताईबाई म्हणाली. हाताला विळा लागला की काखेत अवधाण येतं, म्हणजे सुजून गोळा धरतो, पायाला काटा मोडला की जांघेत येतं, हे शेतात राबणाऱ्या कुणाला सांगायची गरज नसते. तिनं फडकं सोडून हात वर केला. "दखा ना जरा, आबा."

"हात खाले कर. नालापलीकडे जाय."

"निस्ता दखा तरी."

झुलालनं पाहिलं नाही. तो झिपरूकडे बघून मोठ्यानं बोलला, "कायदा म्हंजे कायदा." ताईबाई हात तसाच धरून नाल्यापलीकडे गेली. सुगंधाबाई, झुलालची बायको, सरीत उभी होती. ओटीत कापूस. संध्याकाळी मात्र तिनं नाल्याच्या काठावर दोन भाकरी ठेवल्या आणि मागं न बघता परत आली.

चार दिवसांनी अमळनेरच्या स्टेशनावरचा एक ओळखीचा खलाशी निरोप घेऊन आला. तोही लांब उभा राहून ओरडूनच बोलला. झुलालची लेक मंजुळा जबलपूरच्या पुढं एका आडस्टेशनावर नांदत होती. जावई मोतीलाल तिथं सांधेवाला, गाड्यांचे रूळ बदलणारा. तिथल्या रेल्वेच्या चाळीत उंदीर पडत होते. मंजुळेला आठवा लागला होता, सासू मागंच वारलेली, नवऱ्याला रजा नाही. न्यायचं तर लवकर न्या, असा निरोप.

रात्रीची भाकर कुणी खाल्ली नाही.

"आयकतस का?" सुगंधाबाई म्हणाली. "पोरले आननं पडी."

"आनी मंग? गाव काय म्हनी?"

"गाव म्हंजे कोन? तुम्हीच ना?"

 झुलालच्या कमरेच्या करगोट्याला लोखंडी चिमटा बांधलेला होता, काटे काढायचा. तो चाळवत राहिला. हा चिमटा त्याच्या बापाचा. बैलाच्या खुरातला असो की पोरांच्या पायातला, मंजुळेच्या लहानपणचा एकेक काटा त्यानंच काढलेला. शेवटी म्हणाला, "पहिली खेप शे. माहेरलेच व्हवाले पाहिजे." मग जरा वेळानं, "आपला मानूस तो आपला." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण झुलालला ठाऊक होती. पण ती नेहमी शेजाऱ्याला लागू पडते.

अमळनेर, जळगाव, भुसावळ. इथवर देश ओळखीचा होता. भुसावळला एकानं अडवून कागद मागितला, तुम्ही धडधाकट आहात असा. तो करायला ज्या खिडकीशी गेली, ती म्हणाली, पलीकडची खिडकी. पलीकडची म्हणाली, साहेब जेवायला गेलेत. साहेब जेवून आला आणि अंगठे उठवून कागद मिळाला. जबलपूरला तो कागद कामाचा नाही असं कळलं. ही हद्द वेगळी, शिक्का वेगळा. दोघं अख्खा दिवस फलाटावर बसून राहिली. आपल्या बांधावर ज्याच्या आवाजानं बैल दचकत, तो झुलाल इथं पट्टेवाल्यालाही 'साहेब' म्हणत होता, आणि पट्टेवाला ऐकूनही घेत नव्हता. सुगंधाबाईनं हे पाहिलं आणि तिला पहिल्यांदा पोटातून भीती वाटली. हा माणूस इथं कुणीच नव्हता.

संध्याकाळी नवा शिक्का मिळाला आणि दुसऱ्या दिवशी दोघं लेकीच्या चाळीत पोचली. मंजुळा दारातच बसली होती. पोट पुढं आलेलं, चेहरा हळकुंडासारखा. आईला पाहून उठायला गेली आणि कळवळली. आदल्या दिवशी रुळांच्या कडेला जळण वेचताना टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. सुगंधाबाईनं सुईनं कोरून पाहिलं. काही निघालं, काही आत राहिलं. मग तिनं तिच्या आईनं जे केलं असतं तेच केलं. पदराच्या गाठीतला बिब्बा काढला, सुईवर टोचून दिव्यावर धरला आणि उकळतं तेल टाचेवर टिपलं. मंजुळेनं दातात पदर धरला. टाचेवर काळा डाग पडला आणि जखमेचं तोंड मिटलं. चाळीतून त्याच दिवशी दोन तिरड्या निघाल्या होत्या. मोतीलाल स्टेशनापर्यंत आला, हातात हिरवं निशाण तसंच. गाडी हलली तेव्हा त्यानं ते निशाण कुणासाठी हलवलं, त्याचं त्यालाच ठाऊक.

गाडीत माणसावर माणूस होतं, पण कुणी कुणाला टेकत नव्हतं. कुणी खोकलं की सगळा डबा त्याच्याकडे बघे. जबलपूर मागं पडलं आणि मंजुळा आईच्या कानाशी लागली.

"माय, जांघमा दुखस वं."

सुगंधाबाईनं लुगड्याच्या आडून हात घातला. सुपारीएवढं लागलं हाताला. तिचा हात तिथंच राहिला.

"काय शे?" झुलालनं विचारलं.

"काही नही." मग अगदी हळू, "काटानं अवधान शे ते. बाकी काही नही."

ते अवधाणच होतं. तिला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि जीव थाऱ्यावर असणं, या दोन गोष्टी वेगळ्या. समोरच्या बाकावर बऱ्हाणपूरची एक म्हातारी होती. ती सांगू लागली, पुढच्या मोठ्या जंक्शनावर सगळ्यांना उतरवतात. काखा बघतात, जांघा बघतात. ताप असला, अंगावर काळा डाग दिसला, की माणूस गाडीत घालून छावणीत. तिच्या नणंदेला तसंच नेलं. "मग?" कुणीतरी विचारलं. म्हातारी खिडकीबाहेर बघत बसली.

काळा डाग. सुगंधाबाईच्या मनात तेवढाच शब्द राहिला. टाचेवरचा बिब्ब्याचा डाग तिला आता विस्तवासारखा दिसू लागला. लेकीचा पाय तिनं मांडीखाली ओढून घेतला. काळ्यावर काय घालावं? बोचक्यात मेंदीची पुडी होती. पहिलटकरीण माहेरी येते तेव्हा तिचे पाय रंगवून आणायचे, ही त्यांच्याकडची रीत. घाईत ते राहून गेलं होतं. मधल्या एका स्टेशनावर झुलालनं लोटाभर पाणी आणलं. सुगंधाबाईनं पितळीत मेंदी कालवली आणि दोन्ही तळपायांना टाचेपासून बोटांपर्यंत जाड थापली.

"आते हाई कसाले?" झुलाल म्हणाला.

"माहेर जास ना ती. कोनी इचारावं नही."

म्हातारी कौतुकानं हसली. मेंदी सुकली, धुतली. तळवे गडद लाल आणि टाच तर अशी भरून रंगली की डाग आपल्यालाच सापडू नये. सुगंधाबाईला वाटलं, सुटलो. तिच्या जन्मात तिनं याच्याहून मोठी चूक केली नव्हती, आणि तेव्हा ती त्या रंगाकडे बघून देवाला हात जोडत होती.

जंक्शन सकाळी आलं. थंडी अशी की फलाटाच्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. शिपायांनी डबे उघडून माणसं उतरवली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. पुरुषांना उघडं करून रांगेत उभं केलं. बायकांसाठी कनात ताणली होती, आत एक दाई आणि कनातीच्या तोंडाशी टेबल टाकून डॉक्टर. फलाटाच्या टोकाला पडदे सोडलेली एक बैलगाडी उभी होती. सगळे जण तिच्याकडे न बघता उभे होते.

झुलालची पाळी आली. "हात वर," शिपाई म्हणाला. झुलालनं हात वर केले. काखेत गार बोटं फिरली. इतक्या माणसांत उघड्या अंगानं हात वर करून उभं राहताना त्याला एकाएकी ताईबाई आठवली. तिनं हात वर केला होता आणि आपण बघितलंही नव्हतं. इथं निदान बघत तरी होते. "चल," शिपाई म्हणाला.

कनातीतून आवाज आला, "डाक्टरसाब, इसको गांठ है."

झुलालचे हात अंगरखा घालता घालता थांबले.

डॉक्टर नागपूरकडचा होता, मराठी बोलणारा. तरुण, डोळे तारवटलेले, नाकाला कापूर लावलेला रुमाल. तो कनातीत गेला. सुगंधाबाई मंजुळेला पाठीशी घालून उभी होती.

"गाठ नही साहेब, अवधान शे. पायमा काटा मोडना तिना."

"कुठं मोडलाय? पाय दाखव."

मंजुळेनं पाय पुढं केला. डॉक्टर वाकला, त्यानं उजेडाकडे वळवून पाहिला. लालचुटूक मेंदी. टाच सुजलेली होती, पण गरोदर बाईचे पाय सुजतातच.

"टाचेला काय झालंय? मेंदीच आहे ही. जखम कुठंय?"

"हाईच टाच साहेब. मी मेंदी लाई दिन्ही वर. मी झाकं ते!"

"कशाला झाकलंस?"

काय सांगणार? तुम्हाला भिऊन, असं सरकारला तोंडावर कसं म्हणायचं?  डॉक्टर सरळ झाला. त्याला रोज शंभर बाया हेच सांगत असाव्यात. विळा लागला, काटा मोडला, गरम पाणी सांडलं. काहींचं खोटं असे, काहींचं खरं. त्यानं दाईकडे बघितलं. "अंग कोमट आहे. बाजूला घ्या. गाडीत."

"माय!" मंजुळेनं आईचा दंड धरला. तिची नखं रुतली.

दोन शिपाई कनातीच्या तोंडाशी आले. सुगंधाबाई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती ओरडली, आणि असा आवाज तिनं उभ्या जन्मात काढला नव्हता. नवऱ्याला तर तिनं कधी हाकच मारली नव्हती. "मंजुना बाप! चिमटा! चिमटा फेका!"

बाहेर झुलालचा हात कमरेला गेला. करगोटा सोडायला बोटं वळेनात. त्यानं हिसडा देऊन दोरा तोडला. चिमटा कनातीवरून आत पडला, फरशीवर वाजला. सुगंधाबाई तिथंच मांडी घालून बसली. लेकीला खाली ओढलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला.

"धर, बाई. आखरी खेप धर."

चिमट्याच्या एका टोकानं तिनं टाचेवरची कातडी उचकली. बिब्ब्यानं जळलेली कातडी चामड्यासारखी झाली होती, ती तुटेना. तिनं जोर केला. मंजुळा किंचाळली. ती किंकाळी फलाटावरच्या प्रत्येकानं ऐकली, आणि बाहेर झुलालनं कनातीचा बांबू दोन्ही हातांनी धरला. कापड हाललं. "सोड बांबू," शिपाई म्हणाला. झुलालला ऐकू आलं नाही. आत आई लेकीच्या पायात खोल जात होती, स्वतः मोठ्यानं रडत, आणि रडताना हात जराही ढळू न देता. मेंदीचा लाल रंग कुठं संपतो आणि रक्त कुठं सुरू होतं ते कळेना. मग एकाएकी पू आला. पांढरा, हिरवट, दुर्गंधीचा. इतका की डॉक्टरनं रुमाल नाकावर दाबला. आणि त्याच्या मागून चिमट्याच्या टोकाला काटा आला. करंगळीच्या नखाएवढा, काळा.

सुगंधाबाईनं तो तळहातावर ठेवून वर धरला. "दखा, साहेब."

डॉक्टरनं पाहिलं.  त्यानं पुन्हा एकदा पाय पाहिला, जांघेकडे हात नेला, नाडी धरली. त्याच्या कपाळावर घाम आला होता, त्या थंडीत. मग टेबलाशी जाऊन त्यानं चिठ्ठी लिहिली. "जाऊ दे हिला. गावी गेल्यावर दहा दिवस वेगळी ठेवा. जखम उकळलेल्या पाण्यानं धुवा." आणि चिठ्ठी हातात देताना, जरा चिडूनच, "अन् पुन्हा काही झाकू नका, बाई."

गाडीत मंजुळा आईच्या मांडीवर पडून होती. तापी ओलांडताना सगळ्यांनी हात जोडले. तिनं जोडले नाहीत. तिचं पोट आवळून आलं होतं, दगडासारखं. "माय, ते हालत नही वं," ती म्हणाली. सुगंधाबाईनं पोटावर हात ठेवला. खरंच हालत नव्हतं. काटा काढला तिनं, पण आता तिच्या हाताखाली जे गप्प होतं ते काही चिमट्यानं निघणारं नव्हतं. झुलालनं काटा पागोट्याच्या टोकाला बांधून ठेवला होता. तो दर स्टेशनाला पागोट्याला हात लावून बघे. गाव विचारील, तेव्हा दाखवायला.

अमळनेरहून भाड्याची बैलगाडी केली. गाडीवान माळाच्या अलीकडेच थांबला. पुढं यायला तयार होईना. झुलालनं लेकीला हातांवर उचलली. कडब्याच्या झोपड्यांतून धूर निघत होता, कुणाच्या तरी चुलीवर भाकर भाजल्याचा वास येत होता. बांधावरून झिपरू उठला. काठी आडवी धरली.

"आबा, तठेच."

"झिपरू, मी शे रे."

"दखी ऱ्हायनू, आबा." झिपरूनं काठी खाली केली नाही. त्याच्या मागं माणसं जमू लागली. शेजारचा पुना, पुनाची आई, वेचणीच्या बाया. कुणी पुढं आलं नाही. "रेलवरथून वना तो नालापलीकडे. तुम्हीच सांगेल शे ना?"

"काटा मोडना व्हता तिना पायमा. हाऊ दख, काटा." झुलालला पागोटं सोडायला हात मोकळा नव्हता. त्यानं लेकीला तशीच धरून मान पुढं केली. "बांधेल शे आठे. तू सोडीसन दख. डाक्टरनी चिठ्ठी बी शे."

झिपरू हलला नाही.

"निस्ता दख तरी!"

हे शब्द तोंडातून गेले आणि झुलालला ते ओळखीचे वाटले. कुणाचे, ते त्याला लगेच कळलं. झिपरूलाही कळलं असावं. तो खाली बघत म्हणाला, "ताईबाईबी दखाडी ऱ्हायंती ना, आबा."

वाऱ्यानं कडबा वाजत होता. झुलालला मोठ्यानं बोलता आलं असतं. ती माणसं त्याच्या आवाजाला अजून भीत होती, काठीही कदाचित बाजूला झाली असती. पण त्याच्याच्यानं आवाज निघाला नाही. तो वळला. सुगंधाबाई केव्हाच वळली होती.

नाल्यात गुडघाभर गार पाणी होतं. पलीकडे निरगुडीच्या झुडपांना टेकून चार काटक्यांचं खोपट होतं, वर फाटकी गोधडी. ताईबाई दाराशी चूल पेटवत बसली होती. ती मेली नव्हती. पाणी तुडवत येणाऱ्या तिघांकडे तिनं पाहिलं, आणि झुलाल पाण्यातच थांबला. ही आता म्हणेल, तठेच उभा ऱ्हाय. म्हणायचा हक्क तिला होता. खोपट तिचं होतं.

ताईबाई उठली. तिनं गोधडी ओढून खाली अंथरली.

"ठेव इले आठे."

मंजुळेला निजवलं. ताईबाईनं तिच्या पायाशी बसून फडकं सोडलं. "पाय दखाड वं माय." तिनं उजेडाकडे वळवून नीट पाहिलं. मेंदी, चिरफाळलेली कातडी, पांढरं मांस. जांघेतलं अवधाण बोटांनी चाचपलं. "उतरी ऱ्हायनं," म्हणाली. मग पोटावर तळवा ठेवला आणि डोळे मिटून बसली.  चुलीवरचं पाणी उकळायला लागलं, झाकण थडथडलं, तरी ताईबाई हालली नाही. कितीतरी वेळानं तिनं सुगंधाबाईचा हात धरून आपल्या हाताशेजारी ठेवला, जरा डाव्या बाजूला, दाबून.

"हालस," ती म्हणाली.

सुगंधाबाईनं हुंदका दिला आणि तोंडात पदर कोंबला.

झुलाल खोपटाबाहेर उभा होता, ओलं धोतर पायांना चिकटलेलं. आत यावं की नाही त्याला कळत नव्हतं. ताईबाई गरम पाणी ओतायला बाहेर आली तेव्हा तो पुढं झाला. 

"ताईबाई, तुना हात दखाड."

तिनं वर पाहिलं. ना राग, ना काही. पाण्याचं भांडं दोन्ही हातांनी उचलत म्हणाली, "आते काय दखतस, आबा. भरी गया तो."

आणि ती मंजुळेचा पाय धुवायला आत गेली.